इर्मा टेश आणि तोटीचा फ्रिज

शुक्रवारी संध्याकाळी शिबॉयगनमध्ये जी बाई घरी स्वयंपाक करते ती एकतर आजारी असते, नाहीतर नवऱ्याशी भांडलेली. बाकी सगळं गाव तळलेला मासा खायला बाहेर पडतं. इर्मा टेश आणि तिचा नवरा ऑर्विल लग्न झाल्यापासून रूडीच्या बारमध्ये जात. भिंतीकडचं टेबल, पर्च मासा, बटाट्याचं थालीपीठ, राईचा ब्रेड आणि दोघांना एकेक ग्लास कॅस्टनर बिअर. यात कधी बदल झाला नव्हता.

त्या शुक्रवारी इर्माने एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि ग्लास खाली ठेवला.

"रूडी, हे पिंप काढ. बिअर बिघडलीय."

"कालच लावलंय गं. नवंकोरं आहे."

"लोण्याचा वास येतोय."

"मला तर मासळीचाच येतोय," शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं आणि सगळा बार हसला. ऑर्विलही हसला. इर्माने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने घाईघाईने तोंडात बटाटा कोंबला.

ती उगाच बोलत नव्हती. कॅस्टनरच्या कारखान्यात तिने तेहतीस वर्षं काढली होती. पहिली बारा बाटल्या भरण्याच्या विभागात. उजेडाच्या काचेसमोर बसायचं आणि पुढून सरकणाऱ्या बाटल्यांत माशी, काचेचा कण, काही दिसतंय का बघायचं. एके दिवशी तिने लाल बटण दाबून सगळी रांग थांबवली. बाटल्यांना साबणाचा वास येतोय म्हणाली. वीस माणसांनी बाटल्या हुंगल्या, कुणाला काही कळेना. मुकादम तिच्यावर खेकसला. दुपारी धुण्याच्या यंत्रातली एक झडप गळकी निघाली. त्यानंतर म्हाताऱ्या मुख्य भट्टीवाल्याने तिला प्रयोगशाळेत नेऊन बसवलं.

पुढची एकवीस वर्षं रोज सकाळी दहाला तिच्यापुढे पाच ग्लास येत. त्याआधी कॉफी नाही, लिपस्टिक नाही, साधी पुदिन्याची गोळी नाही. ती चव घ्यायची आणि शेजारच्या खोलीत सिगार ओढत बसलेल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, लाइल ग्रोथसाहेबांना सांगायची, "साहेब, चार नंबर परत पाठवा. अजून कच्ची आहे." ग्रोथसाहेब चिठ्ठीवर लिहायचे, "माझ्या मते चार नंबर सदोष," आणि खाली सही. एल. ग्रोथ. एकवीस वर्षांत इर्माचं नाव एकाही चिठ्ठीवर आलं नाही. तिला कधीकधी ते खटकायचं. पण काम तिच्या हातात होतं, जीभ तिची होती, आणि शिबॉयगनमध्ये लोक जी बिअर पीत ती तिने हो म्हटल्याशिवाय दारातून बाहेर पडत नव्हती. एवढ्यावर ती समाधान मानत आली.

मग दूरच्या राज्यातल्या एका मोठ्या कंपनीने कॅस्टनर विकत घेतलं, दीड वर्षात गावातला कारखाना बंद केला आणि तोच शिक्का लावून बिअर आपल्याकडे बनवायला घेतली. कृती तीच, असं त्यांचं म्हणणं. इर्मा घरी बसली. ग्रोथसाहेबांना मात्र नव्या कंपनीने आपला स्थानिक प्रतिनिधी नेमलं.

रूडीच्या बारमधल्या त्या शुक्रवारनंतर दोन आठवड्यांनी गावच्या पेपरात ग्रोथसाहेबांचा फोटो आला. हातात ग्लास, चेहऱ्यावर हसू. खाली त्यांचे शब्द: "वीस वर्षं रोज सकाळी दहा वाजता मी या बिअरची चव घेतली आहे. तेव्हाच्या आणि आजच्या बिअरमध्ये मला तसूभरही फरक जाणवत नाही."

इर्माने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने सही घेतली, पगार घेतला, ते तिने चालवून घेतलं. आता सकाळचे दहासुद्धा घेतले!

"सिगारचं धुराडं मेलं!" ती ओरडली. "याने कधी ग्लास नाकाजवळ तरी नेला का?"

"जाऊ दे ना, इर्मा," ऑर्विल म्हणाला. "पेपर आहे. उद्या त्यात मासे गुंडाळतील."

"आणखी एकदा जाऊ दे म्हणालास ना, तर तुझ्या गांडुळांसकट तुला बाहेर काढीन."

गांडुळांबद्दलचं बोलणं तिने खरं केलं. गॅरेजमध्ये एक जुना फ्रिज होता. त्यात ऑर्विल मासेमारीची गांडुळं कॉफीच्या डब्यांत मातीत घालून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सात डबे अंगणात बाकावर मांडलेले होते, आणि इर्मा सोड्याच्या पाण्याने फ्रिज घासत होती.

"काय चाललंय?" ऑर्विलने विचारलं.

"बिअर करणार आहे. जशी असायला हवी तशी. आणि बाटलीत नाही भरणार, तोटीतूनच देणार. तोटीतून आलेल्या बिअरला लपायला जागा नसते. मग बघू कुणाला तसूभर फरक कळत नाही ते."

सामान आणायला ती मिलवॉकीला गेली. दुकानातला दाढीवाला गडी तिच्या हातातली यादी बघून गोड हसला. "मिस्टरांना भेट द्यायचीय वाटतं?"

"मिस्टरांना गांडुळं आवडतात," इर्मा म्हणाली. "तू हा सातू कधी भाजलायस ते सांग. आणि हॉप्सच्या कडू फुलांची ही पुडी ठेव परत, हिला चीझचा वास येतोय. जुनी आहे." गड्याने पुडी हुंगली, हसू आवरलं आणि आतून दुसरी आणून दिली. सरबताच्या कंपनीने काढून टाकलेली दोन उंच, बारीक पोलादी पिंपंही तिला तिथेच मिळाली. शिवाय बिअर पिंपातून वर ढकलणारं गॅसचं नळकांडं, दाबाचा काटा, नळी आणि लांब दांड्याची तोटी.

नोव्हेंबर होता. गावाशेजारच्या मोठ्या तळ्यावरून वारं सुटलेलं, गॅरेज आपोआप थंड. तिने सातू उकडला, पाणी गाळलं, हॉप्स घातले, निववलं, यीस्ट टाकलं. कॅस्टनरसारखी बिअर थंडीत हळूहळू मुरते. तिला दोन-अडीच महिने तरी लागतात, घाई करून चालत नाही. बिअरच्या बाबतीत इर्माने अजिबात घाई केली नाही. घाई केली ती फ्रिजच्या बाबतीत.

एका सकाळी रेडिओवर कॅस्टनरची जाहिरात लागली. "तीच चव, तोच अभिमान." इर्माने रेडिओ बंद केला, गॅरेजमध्ये गेली आणि रागाच्या भरात ड्रिल उचललं. गॅसचं नळकांडं बाहेर ठेवून त्याची नळी फ्रिजच्या बाजूने आत घ्यायची होती. बाजूच्या पत्र्याआड काय असतं हे तिला ठाऊक होतं. कारखान्यात तिने फ्रिजवाल्यांना काम करताना शंभरदा पाहिलं होतं. पण त्या घटकेला तिला पत्रा दिसतच नव्हता. तिला पेपरातलं हसू दिसत होतं. तिने ड्रिल लावलं आणि दाबलं.

फुस्सकन आवाज आला. मग बारीक शिट्टी, लांबच लांब. पत्र्याआडची, फ्रिज थंड ठेवणाऱ्या गॅसची नळी फुटली होती आणि फ्रिजचा प्राण भोकातून निघून चालला होता. तिने भोकावर अंगठा दाबला, तोही गारठला. शिट्टी थांबली तेव्हा ती सातूच्या पोत्यावर बसली.

ऑर्विल दारात येऊन उभा राहिला. त्याने भोक पाहिलं, मग ड्रिल पाहिलं.

"बोल ना काहीतरी! असा उभा काय राहिलास पुतळ्यासारखा?"

"काय बोलू? मेला तो."

"मी मारला म्हण."

"नाही म्हणत."

त्याच्या त्या न म्हणण्याचाच तिला जास्त राग आला.

दुसरा फ्रिज मेव्हिसने दिला. मेव्हिस बोर्न ही बाटल्यांच्या रांगेतली जुनी मैत्रीण, आडदांड, मोठ्याने हसणारी. तिच्या तळघरात कच्च्या कैरीच्या रंगाचा एक फ्रिज धूळ खात पडला होता. तो गाडीत घालून आणला तेव्हा तिने ड्रिल आधी स्वतःच्या ताब्यात घेतलं.

"आज कुणावर चिडलीयस?"

"कुणावर नाही."

"खोटं नको बोलू. चिडलेलं माणूस ड्रिलपासून दहा हात लांब बरं. कॉर्नफ्लॉवर आण आणि थोडं स्पिरिट."

मेव्हिसने पातळ पेस्ट कालवली, ब्रशने फ्रिजच्या बाजूला फासली आणि फ्रिज चालू केला. दोघी स्टुलांवर बसून बघत राहिल्या. हळूहळू ओल्या राखाडी लेपावर पांढरे पट्टे उमटायला लागले. आतल्या गरम नळ्या जिथून गेल्या होत्या तिथे लेप आधी वाळला. सगळी वाट आखून मिळाली. इर्माने दोन पट्ट्यांच्या मधोमध पेन्सिलने फुली मारली आणि मेव्हिसने भोक पाडलं. फ्रिज घुरघुरत राहिला.

दाराला तर काही धोकाच नव्हता, तिथे फक्त पत्रा आणि अस्तर. तोटी दारात छातीच्या उंचीवर बसवली. दाराच्या आतले अंड्यांचे, लोण्याचे कप्पे काढून टाकले. खालच्या यंत्राच्या उंचवट्यामुळे पिंप तिरकं उभं राहायचं, म्हणून ऑर्विलने न सांगता एक लाकडी पायरी ठोकून दिली. इर्माने ती बसवून पाहिली, बरोबर बसली. "ठीक आहे," ती म्हणाली. एवढंही तिने आठवडाभरात त्याला म्हटलं नव्हतं.

फेब्रुवारीत पहिलं पिंप लागलं. अडतीस अंश फॅरनहाइट, म्हणजे गोठण्याच्या जरा वर, आणि बारा पौंड दाब. तोटी ओढली आणि ग्लासात नुसता फेस. दुसरा ग्लास, फेस. तिसरा, फेस. इर्माने दात आवळले, पण या खेपेला हात आवरला. ती विचार करत बसली. पिंपापासून तोटीपर्यंत नळी जेमतेम दोन फूट होती. बिअर धावत सुटत होती, तिचा जोर कुठे जिरतच नव्हता. तिने सहा फूट नळी वेटोळं करून घातली. संध्याकाळी तोटीतून सोनेरी धार आली आणि वर दोन बोटं साय धरली.

तिने घोट घेतला. स्वच्छ होती. कडवटपणा जिभेच्या मागे सावकाश येत होता, लोण्याचा मागमूस नव्हता. चांगली बिअर होती. पण कॅस्टनर नव्हती.

का नव्हती हेही तिला ठाऊक होतं. कारखान्याच्या शेवटच्या दिवशी व्यवस्थापक प्रयोगशाळेत येऊन म्हणाला होता, "यीस्ट ओतून टाक. कंपनीकडे आहे त्यांचं." शंभर वर्षं जपलेलं यीस्ट. चार चंबू तिने एकेक करून मोरीत ओतले आणि वर पाणी सोडलं. एक परीक्षानळी खिशात घालायला किती वेळ लागला असता? पण सांगितलं ते करायचं, ही तेहतीस वर्षांची सवय. ग्रोथवर चिडता येत होतं, कंपनीवर चिडता येत होतं. या एका गोष्टीचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

मार्चच्या एका रविवारी दुपारी कारखान्यातली जुनी माणसं गॅरेजमध्ये जमली. बाहेर ऑर्विल बर्फात उभा राहून ब्राट सॉसेज भाजत होता. भट्टीवरचा डेल्बर्ट क्रुम याने पहिला ग्लास संपवला आणि त्याचे डोळे भरून आले.

"ही आपली कॅस्टनर! अगदी तीच! इर्मा, कमाल केलीस गं!"

"तीच!" बाकीचे म्हणाले. "हुबेहूब!"

इर्माचा चेहरा लाल झाला. "ही कॅस्टनर नाहीये."

"अगं, मी सव्वीस वर्षं—"

"सव्वीस वर्षं फुकट प्यायलास तू! कॅस्टनरला शेवटी सफरचंदाच्या सालीसारखा एक वास यायचा. तो हिला नाही, कारण ते यीस्टच राहिलं नाही. मी ओतलं ते, या हातांनी. आणि तुम्हाला ही तीच लागते? मग तुमच्यात आणि त्या ग्रोथमध्ये फरक काय? तिकडे तो म्हणतो लोणीवाली तीच, इकडे तुम्ही म्हणता ही तीच!"

डेल्बर्टने ग्लास ठेवला, टोपी घातली आणि निघून गेला. मेव्हिस म्हणाली, "बाई गं, कौतुक करणाऱ्यालाही चावतेस?"

"खोटं कौतुक करणाऱ्याला."

दुखावलेला डेल्बर्ट कुठे काय बोलला कोण जाणे, पुढच्या रविवारी दारात लाइल ग्रोथ उभे होते. उंटाच्या रंगाचा ओव्हरकोट, हातात कातडी हातमोजे. माणसं आपोआप बाजूला झाली.

"इर्मा, तू इथे कॅस्टनर बनवतेस असं कानावर आलं," ते म्हणाले. आवाज तोच, ऑफिसातला. "घरी पिण्यापुरतं काही हरकत नाही. पण नाव कंपनीचं आहे. तुला त्रास होऊ नये म्हणून आधी सांगायला आलो."

"इथे कॅस्टनर नाही, साहेब. गावातही नाही आणि तुमच्या बाटलीतही नाही." इर्माने एप्रनला हात पुसले. "आलाच आहात तर बसा. तीन ग्लास देते. दोन एकसारखे, एक वेगळा. कोणता वेगळा ते सांगा. रोज सकाळी दहाला हेच करत होतात ना तुम्ही?"

ग्रोथ हसले. पण दहा-बारा जण बघत होते. ते बसले.

मेव्हिसने फ्रिजच्या दाराआड ग्लास भरले. दोन इर्माच्या तोटीचे, एक कंपनीच्या बाटलीचा. ग्रोथनी घोट घेतले, छताकडे पाहिलं, मधला ग्लास पुढे सरकवला.

"चूक," मेव्हिस म्हणाली.

"पुन्हा," इर्मा म्हणाली.

पुन्हा चूक. तिसऱ्यांदा त्यांनी दोनदा ग्लास बदलला आणि तरी चुकले. बाहेरून आत आलेल्या ऑर्विलने लोणीवाला ग्लास सहज नाकाशी धरला आणि म्हणाला, "हा की." त्यालासुद्धा कळला.

"मला सर्दी झालीय," ग्रोथ म्हणाले.

"एकवीस वर्षं?" मेव्हिसने विचारलं.

कुणी हसलं नाही. ग्रोथ हातमोजे मुठीत आवळून बसले होते. मग ते इर्माकडे न बघता बोलले. "एकाहत्तर साली शीतगृहात अमोनियाची नळी फुटली होती. दोन माणसांना मी बाहेर ओढलं. तेव्हापासून नाक गेलं. काहीच कळत नाही. कॉफी, धूर, काहीच."

इर्माला त्यांची कीव यायला हवी होती, आणि क्षणभर आलीही. मग तिच्या लक्षात आलं की एकाहत्तर म्हणजे ती प्रयोगशाळेत येण्याच्याही आधी. म्हणजे पहिल्या दिवसापासून या माणसाला माहीत होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुझी सही चालली असती. माझी नाही."

एकवीस वर्षं तिने ज्यांना अहो-जाहो केलं त्यांना ती त्या दिवशी पहिल्यांदा नावाने बोलली.

"लाइल, ऊठ. तुझं नाक गेलं त्यात तुझा दोष नव्हता. मला म्हणाला असतास तर मी कुणाजवळ ब्र काढला नसता, माझं नाव तुझ्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं असतंस तरी चाललं असतं. पण तू माझी जीभ वापरलीस आणि वर पेपरात जाऊन ती तुझी म्हणून सांगितलीस. तीही खोटं बोलायला! उद्या पेपरवाल्यांकडे जा आणि चव कोण घ्यायचं ते सांग."

"ते मला जमणार नाही, इर्मा. मी त्यांच्या नोकरीत आहे."

"मग माझ्या गॅरेजमध्येही नको."

ते उठले, कोटाची बटणं लावली आणि गेले. इर्माने त्यांचे तीनही ग्लास मोरीत ओतले. मेव्हिसने तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तिने तो झटकला.

तिने स्वतःच पेपरला पत्र लिहिलं. चार पानी, एकेक शब्द तोलून. छापून आलं ते अर्धं कापून, आणि वर मथळा: "कॅस्टनरच्या दिवसांच्या गोड आठवणी". इर्मा तडक पेपरच्या कचेरीत गेली आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "यातली कोणती आठवण गोड आहे? बोट ठेवून दाखव." मुलगी रडकुंडीला आली. संपादक बाहेर आला. पुढच्या आठवड्यात पत्र पूर्ण छापलं, मथळ्याविना.

त्याने काय झालं? कंपनीचं काही वाकडं झालं नाही. ग्रोथनी उत्तर दिलं नाही, पण प्रतिनिधीचा फोटो पुन्हा पेपरात आला नाही, आणि रस्त्यात इर्मा दिसली की ते पलीकडच्या फुटपाथवर जात. डेल्बर्ट महिनाभराने परत आला. ग्लास हुंगून म्हणाला, "सफरचंद नाही," आणि इर्माने त्याला स्वतः ब्राट वाढलं. रूडी एका दुपारी आपल्या बारमधली बाटली घेऊन आला, दोन्ही बिअर शेजारी ठेवून त्याने सावकाश चाखल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "लोणीच की गं!" त्या आठवड्यात त्याने कॅस्टनरची तोटी काढून टाकली. दोन वर्षांनी कंपनीने ते नावच बंद केलं. कुणी हळहळलं नाही. तेव्हा इर्माच तेवढी एक दिवस कुणाशी बोलली नाही.

मेव्हिसचा कैरीच्या रंगाचा फ्रिज मात्र चालतच राहिला. बाटल्यांच्या रांगेतल्या पाच-सहा जणी दर गुरुवारी दुपारी यायच्या. इर्मा त्यांना ग्लासात नाक घालायला शिकवायची, चुकलं तर झापायची, आणि एखादीला आपणहून कळलं की काही न बोलता तिचा ग्लास पुन्हा भरायची. विकायची मात्र नाही. विकलं की कुणीतरी सही मागतं, म्हणायची.

तिच्या सत्तराव्या वाढदिवसाला मुलगी मॅडिसनहून आली. आईला खूश करायचं म्हणून तिने सकाळीच डझनभर ग्लास बर्फाच्या कप्प्यात ठेवले, आणि पाहुणे जमल्यावर ते पांढरा धूर सोडणारे ग्लास ताटात मांडून मोठ्या थाटात बाहेर आणले.

"हे काय?" इर्माने विचारलं.

"गोठवलेत, आई. छान थंडगार."

"तीन महिने मुरवलीय मी ही बिअर! गोठलेल्या काचेत ओतलीस तर चव काय लागणार, दगड?" इर्मा खुर्चीतून उठलीच. "ने ते आत आणि कोमट पाण्याखाली धर. सगळे. वाढदिवस थांबेल."

आणि वाढदिवस थांबला. डझनभर माणसं अंगणात रिकाम्या हातांनी उभी राहिली, आतून पाण्याचा आवाज येत राहिला, आणि इर्मा टेश फ्रिजला पाठ लावून, हाताची घडी घालून वाट बघत राहिली.